खेळ मोबाईलवर, घर चव्हाट्यावर!

आपण दारावर नावाची पाटी लावतो. पाटीवर काय लिहायचे ते आपणच ठरवतो. कुणी नुसते आडनाव लिहितो, कुणी वडिलांचे नाव जोडतो, कुणी कुलदैवताचे. पण घरात माणसे किती, पोरगी कोणत्या शाळेत जाते, रात्री दिवा किती वाजता मालवतो आणि गाठीला पैसा किती आहे, हे काही कुणी पाटीवर लिहीत नाही. लिहिलेच तर गाव त्याला खुळ्यात काढील. मात्र आजमितीस घरोघरी नेमकी अशीच एक पाटी लागलेली आहे. ती लावली आहे आपल्याच पोराने, आपल्याच मोबाईलवरून. तिला म्हणतात खेळाडूचे प्रोफाईल.

मोबाईलवरचे खेळ ही आता फक्त शहराची गोष्ट राहिलेली नाही. मिरा-भाईंदरचेच पाहा. एका अंगाला मिरा रोडचे उंच टॉवर, तर दुसऱ्या अंगाला उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा ही शेतीची, मासेमारीची, मिठागरांची गावे. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. पण गावठाणातली घरे, सातबारावरची नावे आणि एकमेकांना हाक मारायची रीत अजून गावाचीच आहे. टॉवरमधल्या पोराच्या हातात जो खेळ, तोच बोटीवर जाणाऱ्या तांडेलाच्या पोराच्या हातात. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांच्या आतल्या पाड्यांवरही रेंज पोचली तिथे खेळ पोचला. म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

पाटीवर काय काय दिसते?

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, लुडो किंग ही नावे आपण घरात ऐकलीच असतील. हे खेळ एकट्याने खेळायचे नसतात. समोर दुसरा माणूस असतो, तो देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातला, क्वचित परदेशातलाही. त्यासाठी प्रत्येक खेळाडूचे एक खाते उघडले जाते. त्याला नाव असते, फोटो असतो, आणि बहुतेक खेळांत एक ओळख क्रमांकही असतो. त्या नावावर बोट ठेवले की समोरच्या अनोळखी माणसाला पुढचे पान उघडून दिसते. किती डाव खेळला, किती जिंकला, कोणते महागडे कपडे आणि बंदुका विकत घेतल्या, मित्र कोण कोण, आत्ता खेळात हजर आहे का, हे सगळे कमी-अधिक प्रमाणात तिथे असते. प्रत्येक खेळात सगळेच दिसते असे नाही, पण पुष्कळ खेळांत आपण मुद्दाम बंद केले नाही तर दिसतेच.

यात काय बिघडले, असे आपण म्हणाल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच बिघडत नाही. पण सुटे दाणे गोळा केले की पोते भरते. समजा, डोंगरीकडचा एक नववीतला पोरगा आहे. त्याने खेळातले नाव ठेवले स्वतःचेच, पुढे गावाचे नाव आणि जन्माचे साल. फोटो लावला शाळेच्या गणवेशातला, खिशावर शाळेचा बिल्ला. मित्रांच्या यादीत त्याच वर्गातली सात-आठ पोरे. रोज दुपारी दोन ते पाच तो खेळात हजर. आता हजार मैलांवर बसलेल्या माणसाला पोराचे नाव, वय, गाव, शाळा, शाळेची वेळ आणि संगतसोबत एवढे सगळे कळले. पोराला तोंड उघडावेही लागले नाही.

त्यात पुन्हा खेळताना बोलायची सोय असते. कानाला इअरफोन लावून पोरे तासन् तास बोलतात. "बाबा कुठंय?" असे कुणी सहज विचारले, तर पोरगा सहज सांगून जातो, "बोटीवर गेलाय, आठ दिवसांनी येईल." शेतकऱ्याचे पोर सांगते, "बापूस शेतावर, आय बाजाराला." घरी मोठे माणूस नाही, ही खबर परक्याला घरातूनच मिळाली.

एक नंबर आणि दहा कामे

शहरात एका घरात चार-पाच मोबाईल असतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत चांगला मोबाईल एकच, आणि सिम बापाच्या नावावर. त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, पीएम-किसानचा निरोप येतो, महाडीबीटीचा अर्ज आणि पीक विमाही त्याच नंबरावर. पोराने खेळाचे खाते उघडले तेही त्याच मोबाईलवर, बापाच्या गुगलने किंवा फेसबुकने. फेसबुकवरून खाते उघडले की काही खेळांत नाव आणि फोटोही तिथूनच येतात. म्हणजे खेळतो पोरगा, आणि पाटी लागते बापाची.

मग एखादा "दादा" खेळात दोस्ती करतो. म्हणतो, "तुला फुकट यूसी देतो, डायमंड देतो, फक्त नंबर सांग, आणि येईल तो कोड सांग." यूसी आणि डायमंड म्हणजे या खेळांतले चलन. पोराला वाटते लॉटरी लागली. कोड सांगितला की कधी खेळाचे खाते जाते, कधी व्हॉट्सअप जाते, आणि कधी बँकेतली रक्कमही जाते. कांदा विकून आलेले पैसे पोराच्या एका कोडापायी गेले, तर दोष कुणाला द्यायचा? ज्याच्या प्रोफाईलवर महागड्या वस्तू दिसतात त्याच्याकडे पैसा आहे, हेही त्या दादाला पाटीवरूनच कळलेले असते.

"आमच्या गावात काय लपून राहतंय?"

हा प्रश्न पारावर हमखास निघतो. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा बैल विकला, कुणाची सोयरीक मोडली, संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर बातमी जाते. सातबारासुद्धा आता महाभूलेखवर कुणीही पाहू शकतो. मग या प्रोफाईलचा एवढा बाऊ कशाला?

वाचकहो, फरक समजून घ्या. गावात जो आपल्याला ओळखतो त्याला आपणही ओळखतो. तो आपल्या घरात डोकावला तर उद्या आपण त्याच्या बापाला जाब विचारू शकतो. ही ओळख दोन्ही बाजूंनी असते, म्हणून तिला लाज असते आणि धाकही असतो. खेळातली ओळख एकतर्फी आहे. तो आपल्याला पाहतो, आपण त्याला पाहू शकत नाही. त्याचे नाव खोटे, फोटो खोटा, वयही खोटे. पंचेचाळीस वर्षांचा माणूस तिथे तेरा वर्षांचा होऊन बसू शकतो. राहिला सातबारा. तो खुला ठेवण्यामागे कारण आहे, जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला मालक कळला पाहिजे. पोराने गेल्या महिन्यात रात्री किती वाजेपर्यंत खेळ खेळला, हे जगाला कळून कुणाचे भले होणार आहे?

एका बापाने सांगितलेली गोष्ट

हे फक्त अडाणी माणसाच्या घरात होते असेही समजू नका. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत पोलीस महासंचालकांच्या कार्यालयात सायबर जनजागृती महिन्याचा कार्यक्रम होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर होते. तिथे नट अक्षय कुमार यांनी स्वतःच्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी मोबाईलवर अनोळखी माणसांबरोबर खेळता येईल असा खेळ खेळत होती. समोरच्याने आधी गोड बोलून गाव विचारले. मग विचारले, मुलगा की मुलगी? ती मुलगी आहे हे कळल्यावर त्याने तिचे नग्न फोटो मागितले. मुलीने तिथल्या तिथे खेळ बंद केला आणि आईला जाऊन सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास सायबरचा असावा, अशी मागणी त्यांनी त्या वेळी केली.

या गोष्टीत शिकण्यासारखे काय आहे? तो माणूस वाईट निघाला, हे तर आहेच. पण पोरीने आईला सांगितले, हे जास्त मोलाचे. आपल्या घरात किती पोरी असे सांगतील? "मोबाईल हातात घेतलास तर तंगडं मोडीन," असे ज्या घरात रोज ऐकू येते, तिथले पोर संकटात सापडले तरी गप्प बसते. मोबाईल जाईल, मार बसेल, शाळा बंद होईल ही त्याला भीती. धमकावणारा माणूस याच भीतीवर जगतो. तो म्हणतो, "तुझ्या बापाला सांगीन." ज्या पोराला बापाची भीती जास्त, ते त्याच्या तावडीत लवकर सापडते.

नावात काय आहे, ते कंपनीलाच कळले

प्रोफाईलवरून वाद फार जुना आहे. जुलै २०१० मध्ये ब्लिझार्ड या अमेरिकी खेळ कंपनीने जाहीर केले की, खेळाडूंनी तिच्या चर्चेच्या पानावर काही लिहिले तर टोपणनावाऐवजी खरे नाव दिसेल. लोक नीट वागतील असा तिचा हिशेब. खेळाडू भडकले. खरे नाव दिसल्याने काही होत नाही हे दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपले नाव जाहीर केले, तर लोकांनी बघता बघता त्याच्या नावावरून पत्ता आणि फोनसुद्धा हुडकून काढला. तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. नुसत्या नावावरून घर सापडते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

एप्रिल २०१८ मध्ये संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने नियम बदलला. कुणाकडे कोणते खेळ आहेत हे आधी आपोआप सगळ्यांना दिसे, ते आपोआप झाकलेले राहू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट खेळाच्या एपिक गेम्स कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २७ कोटी ५० लाख डॉलर हे मुलांच्या खासगी माहितीचा कायदा मोडल्याबद्दलचे. लहान मुलांना अनोळखी माणसांशी बोलणे आपोआप चालू ठेवले, हा तिच्यावर मोठा ठपका होता. पुढे मुलांसाठी हे बोलणे आधी बंदच ठेवायचे, असे तिला बंधन घालण्यात आले.

म्हणजे बटण आधी चालू की आधी बंद, एवढाच तो प्रश्न. बटण बंद असेल तर ज्याला हवे तो चालू करील. चालू असेल तर बंद करायला कुणाच्या ध्यानातच येत नाही. बांधाची मोरी आधीच उघडी ठेवली की पाणी वाहून जाते आणि शेतकऱ्याला सकाळी कळते, तसे.

मिरा रोडने दाखवलेली यादीची किंमत

नाव-नंबराला बाजारात मोल असते, हे पाहायला अमेरिकेत जायला नको. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. ७०० हून अधिक जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतले, सुमारे ७० जणांना अटक झाली. इथे बसून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. "आम्ही तिकडच्या कर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकला आहे, भरा नाहीतर अटक होईल," अशी धमकी देऊन पैसे उकळले जात, असा पोलिसांचा आरोप होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच प्रकारात अहमदाबादच्या कॉल सेंटरांवर आरोपपत्र जाहीर केले. त्यात स्पष्ट म्हटले होते की, लोकांची माहिती दलालांकडून आणि इतर ठिकाणांहून मिळवली जात होती.

ध्यानात घ्या, फसवणाऱ्याचे पहिले भांडवल यादी हे असते. नाव ठाऊक असले की आवाजात जरब येते. "हॅलो, कोण?" असे विचारणाऱ्याला आपण उडवून लावतो. पण "अमक्या गावचे तमके ना? तुमचा मुलगा नववीत आहे ना?" असे विचारले की पायाखालची जमीन सरकते. ती माहिती खेळाच्या पाटीवरून आयती मिळत असेल, तर त्याला दलालाचीही गरज नाही.

कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकजण मूल धरला आहे. त्याची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकाची खात्रीलायक संमती घेतली पाहिजे. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांबाबतचे नियम मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. त्यांतल्या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ५० लाखांहून जास्त नोंदणी असलेल्या खेळ कंपन्यांना, तीन वर्षे न वापरलेल्या खात्याची माहिती पुसण्याचेही बंधन नियमांत घातले आहे.

पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली. त्याआधी आपल्यापैकी अनेकांनी अशा खेळांत पॅन कार्ड आणि बँक खाते जोडलेले असेल. खेळ बंद झाला म्हणजे माहिती गेली असे नव्हे. जुने खाते रीतसर बंद करा आणि माहिती पुसण्याची मागणी लेखी नोंदवा.

कायदा चांगला आहे, पण एक पळवाट आपल्याच घरात आहे. खेळ वय विचारतो, पोरगा १९ लिहितो. खेळ पालकाचा नंबर मागतो, पोरगा बापाचा मोबाईल हातात घेऊन आलेला कोड स्वतःच भरतो. बाप शेतात, आणि संमती दिली गेली! दिल्लीने कितीही कडक कायदा केला तरी हे कुंपण आपल्यालाच घालावे लागेल.

तर मग करायचे काय?

मोबाईल हिसकावून घेऊ नका. पोराशेजारी बसा आणि म्हणा, "दाखव बघू, तुझं प्रोफाईल दुसऱ्याला कसं दिसतं?" पोराला शिकवायला आवडते, ते उत्साहाने दाखवील. मग पुढील कामे दोघांनी मिळून करावीत.

पहिले, खेळातले नाव बदलावे. खरे नाव, आडनाव, गाव, शाळा, जन्मसाल यांतले काहीही नको. वाघ्या, ढाण्या, तुफान, काहीही चालेल. काही खेळांत नाव बदलायला रिनेम कार्ड लागते, पण घराचा पत्ता झाकायला तेवढे करणे बरे.

दुसरे, फोटो काढून टाकावा. स्वतःचा, घराचा, गाडीच्या नंबराचा, गणवेशाचा फोटो नको. खेळातले चित्र पुरे.

तिसरे, सेटिंगमध्ये प्रायव्हसी शोधावी. माझे प्रोफाईल कुणी पाहावे, मला मित्र कुणी करावे, माझ्याशी कुणी बोलावे, अशा खुणा तिथे असतात. त्या "फक्त मित्र" किंवा "कुणीही नाही" यावर आणाव्यात. गुगल प्ले गेम्समध्येही प्रोफाईल फक्त स्वतःपुरते ठेवण्याची सोय आहे.

चौथे, ज्या नंबरावर बँक आणि अनुदान आहे, त्या नंबरावर खेळ नको. पोरासाठी वेगळे गुगल खाते उघडावे आणि गुगलच्या फॅमिली लिंकने ते आपल्या खात्याला जोडावे. हे फुकट आहे. कोणते ॲप घ्यायचे आणि किती वेळ वापरायचे, ते त्यातून ठरवता येते.

पाचवे, पोराला तीन वाक्ये पाठ करायला लावा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. खेळातल्या माणसाशी खेळाबाहेर, म्हणजे व्हॉट्सअप-टेलिग्रामवर बोलायचे नाही. आणि कुणी फोटो मागितला किंवा धमकी दिली तर त्याच क्षणी घरी सांगायचे, मार बसणार नाही. हे शेवटचे वाक्य आपण बोलायचे आहे, आणि पाळायचेही आहे.

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची आशा जास्त. लहान मूल अडचणीत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. मुलाचे घाणेरडे फोटो मागणे किंवा तसे संदेश पाठवून छळणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. मोबाईलमधले संदेश रागाच्या भरात पुसू नका, तो पुरावा आहे. मिरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. इतरांनी आपल्या हद्दीतल्या ठाण्यात जावे.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेबांना विनंती

गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. कित्येक ठिकाणी ती कागदावरच आहे. तिच्या एका बैठकीत हा विषय घ्यावा. शाळेतल्या संगणक जाणणाऱ्या गुरुजींना बोलवावे, दहा पालकांचे मोबाईल तिथेच उघडून प्रोफाईल झाकून दाखवावे. भाषणापेक्षा हे लवकर डोक्यात शिरते.

दुसरी विनंती आपल्या स्वतःच्या पाटीविषयी. लाभार्थ्यांची यादी फलकावर लावणे पारदर्शकतेसाठी योग्यच आहे. पण यादीत आधार क्रमांक, मोबाईल आणि बँक खाते कशाला? आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्यानेच मनाई केली आहे. तरीही दोनशेहून अधिक सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची आधारसह माहिती उघडी पडल्याचे २०१७ मध्ये खुद्द आधार प्राधिकरणाने माहिती अधिकारात मान्य केले होते. गावच्या व्हॉट्सअप गटावर कागदपत्रांचे फोटो टाकण्याची पद्धतही बंद व्हावी. पंचायतच उघडी पाटी लावत असेल, तर पोराला कोणत्या तोंडाने सांगणार?

शेवटी एवढेच. खेळ वाईट नाही. विटीदांडू आपणही खेळलो, पाटलाच्या आंब्यावर दगड आपणही मारले. पण त्या खेळात कोण कोण होते ते आपल्याला माहीत होते, आणि दिवेलागणीला आई हाक मारून घरी बोलवत होती. आताचे मैदान दिसत नाही, त्यातली माणसेही दिसत नाहीत. पोराला खेळू द्यावे. खेळायला नुसते टोपणनाव पुरते. घराची पाटी दारावरच बरी, चव्हाट्यावर नको.